निंदणाची ओळ, मोटेची ओळ

माझी आई वाचायला शिकली तेव्हा ओळ संपल्यावर ती मागे येत नसे. बोट जिथे थांबले असेल तिथूनच ते खालच्या ओळीवर उतरवायची आणि उजवीकडून डावीकडे वाचत परत यायची. हे मला कळायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस मी तिला मठ्ठ समजत होतो. ते आज आठवले तरी लाज वाटते.

आम्ही जातीने आणि धंद्याने माळी. वाशीम गावाबाहेर, मुसलमानांच्या वस्तीला लागून आमचा भाजीचा मळा होता. वांगी, भेंडी, मेथी, मांडवावर दोडके आणि कारली. मधोमध विहीर, विहिरीवर मोट. बा मोट हाकायचा आणि माय, म्हणजे माझी आई, निंदायची, तोडायची, टोपले डोक्यावर घेऊन गावात विकून यायची. घरात शाळेचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. वाशीमच्या शाळेतून मी मॅट्रिक झालो, तेव्हा बाने शेजारच्या मळेवाल्याला फक्त एवढेच सांगितले, "पोरगं पास झालं म्हन्ते." त्या 'म्हन्ते'मध्ये सगळे आले. त्याला ते दुसऱ्याकडूनच कळायचे होते. माझा निकालाचा कागद त्याने हातात घेऊन पाहिला होता, पण कागद त्याच्याशी बोलत नव्हता.

आमच्या मळ्यापर्यंत टपालवाला येत नसे. तो पत्रे गावातल्या एका किराणा दुकानात ठेवी. दुकानदार शिकलेला, मनाचा चांगला. माय त्याच्याकडे सांबार द्यायला जायची, कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, तेव्हा तो पत्र वाचून दाखवी. मोठ्याने वाचायचा, कारण त्याला हळू वाचता येत नसे. गिऱ्हाईकही ऐकत. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मी पाचवीत असताना मामाचे कार्ड आले. माय टोपले डोक्यावर घेऊन दुकानापुढे उभी होती. दुकानदाराने नमस्कार-चमत्कार वाचले आणि त्याचा आवाज खाली आला. मग तो थांबला. मायला खाली पाहायची सवय. परक्या पुरुषापुढे बाईने मान वर करायची नाही, हे आमच्याकडे लहानपणापासून अंगात मुरवलेले असते. ती माणसे ओळखायची ती पायांवरून. हा पाटलाचा जोडा, हा हमालाचा अनवाणी पाय. त्या दिवशी तिला दिसले की दुकानातले सगळे पाय आपल्याकडे वळले आहेत. चार जोडे, दोन अनवाणी पाय, सगळ्यांचे अंगठे तिच्याकडे. तेव्हा तिने मान वर केली. सगळे तिच्याकडे पाहत होते. दुकानदाराने कार्ड पालथे ठेवले आणि म्हणाला, "बाई, टोपलं खाली ठेव."

तिची आई गेली होती.

पुढे कितीतरी वर्षे ती हे सांगताना रडत नसे. एकच गोष्ट म्हणायची, "माही माय मेली, अन् माह्या आंधी दुकानाले समजलं."

मॅट्रिकनंतर मी अमरावतीच्या कॉलेजात जायचे ठरले. शाळेतल्या एका गुरुजींनी बाला समजावले, माझ्या राहण्याची सोय एका वसतिगृहात लावून दिली. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. जूनमध्ये निघायचे होते. एप्रिल संपता संपता एका दुपारी विहिरीजवळच्या निंबाखाली मी जेवत बसलो होतो. माय म्हणाली,

"तू जाशीन तं कागद टाकशीन ना?"

"टाकीन ना."

"मंग मले वाचाले शिकव."

"आता? ह्या वयात?"

"काहून? वयानं डोये जातात. माहे आहेत अजून. तुह्या कागदात काय आहे ते मले दुकानातून नाई आयकाचं."

तिची चाळिशी अजून यायची होती. पण मला ती म्हातारीच वाटायची. मी हसलो. ती हसली नाही. जेवण झाल्यावर तिने घरातून माझी जुनी पाटी आणून माझ्यापुढे ठेवली. पाटीचा एक कोपरा फुटका होता.

अक्षरे तिला माझ्या अंदाजापेक्षा फार लवकर आली. त्याचे कारण तिनेच सांगितले. मी 'क' काढला, 'ब' काढला, वर रेघ ओढली, तशी ती म्हणाली, "हे तं मांडवाले लटकलेले दोडके व्हय." मी आयुष्यभर अक्षरे वरून ओळखत आलो होतो. ती खालून ओळखायची. मांडवाखाली उभे राहून दोडका तोडणाऱ्या बाईला वरची काठी नाही, खालचा लोंबता भाग दिसतो. 'ड' आणि 'इ' यांत मी शाळेत महिनाभर चुकलो होतो, तिला कधी घोटाळा झाला नाही. 'प' आणि 'ष' मात्र तिला सारखेच वाटायचे. "पोटातली काडी कोन पाह्यते," म्हणायची. काना, मात्रा, वेलांट्या पंधरा दिवसांत झाल्या. उकार तिला सगळ्यांत आवडायचे, कारण ते मुळांसारखे खाली जातात.

मी खूश होतो. मग दोन ओळी लिहून दिल्या.

पहिली ओळ, "गाय घरी आली." दुसरी, "वासरू दूध प्याले."

पहिली तिने अक्षर अक्षर लावून बरोबर वाचली. मग बोट खाली उतरले आणि ती वाचू लागली, "ले... प्या... ध... दू... रू... स... वा."

"हे काय?"

"तूच लेयलं. मले काय माहीत. लेप्याधदू."

मला वाटले, ती थकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पहिली ओळ बरोबर, दुसरीचा भाजीपाला. तिसरी पुन्हा बरोबर. मला कळेना, हिचे डोके एक ओळ सोडून एक ओळ कसे चालते. मी तिच्यासमोर बसून शिकवत होतो, म्हणून तिचे बोट मला उलटे दिसे आणि ते कुठून निघते तिकडे माझे लक्षच नव्हते. माझी चिडचिड वाढत गेली. आठव्या दिवशी मी तिच्या बाजूला येऊन बसलो आणि तेव्हा पाहिले. ओळीच्या शेवटी पोचलेले बोट तिथेच खाली उतरले आणि उलट चालू लागले.

"माय, हे काय करून राह्यली? तिकडून नाई. ओळ संपली का पुन्हा इकडून सुरू."

"काहून?"

"काहून म्हंजे? तसंच असते."

"आता इथलोक आली मी. मंग रिकाम्या हातानं पुरी मांगं जाऊ, अन् पुन्हा तिथून सुरू करू?"

"हो."

"असं कोन निंदते?"

निंदणाची रीत शहरातल्या वाचकाला सांगितली पाहिजे. वाफ्यात बाया ओळीने बसतात, प्रत्येकीच्या वाट्याला पिकाचा एक पट्टा येतो, त्याला पात म्हणतात. खुरपे चालवत, बसल्या बसल्या सरकत पात धुऱ्यापर्यंत, म्हणजे कडेच्या बांधापर्यंत न्यायची. तिथे पोचल्यावर कोणी उठून पहिल्या टोकाला चालत जात नाही. तिथेच वळायचे, शेजारची पात धरायची आणि निंदत निंदत परत यायचे. जी बाई रिकामी चालत मागे जाईल तिला बाकीच्या हसतील, कामचुकार म्हणतील. माय सहा-सात वर्षांची असल्यापासून हे करत होती. तिच्या पायांना, हातांना आणि पर्यायाने डोळ्यांना ओळ संपणे म्हणजे वळणे एवढेच ठाऊक होते.

हे मला आज समजते. तेव्हा मी म्हणालो, "शाळेतलं पाच वर्साचं पोरगं बी असं नाई करत."

तिने पदराने पाटी पुसली, पालथी ठेवली आणि खुरपे घेऊन मेथीच्या वाफ्यात जाऊन बसली. त्यानंतर दोन दिवस शिकवणी झाली नाही. पाटी उन्हातच पडून राहिली. संध्याकाळी बैल सोडून आलेला बा म्हणाला, "पाटी तडकन. उचल." त्याने याहून जास्त बोलायची गरज नव्हती.

आमच्या मळ्याच्या कुंपणापलीकडे मौलवीसाहेबांचे घर होते. ते उर्दू शाळेत मास्तर होते आणि आता घरी असत. रोज सकाळी वांगी घ्यायला स्वतः यायचे आणि एकेक वांगे देठ धरून निवडायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी निंबाच्या बुंध्याला टेकलेली पाहिली आणि विचारले. मी तक्रारीच्या सुरात सगळे सांगितले. ते हसले नाहीत. काठीने जमिनीवर त्यांनी उजवीकडून डावीकडे एक रेघ ओढली.

"बाबू, मेरी आँख इधर से चलती. तेरी उधर से. तेरी माँ की दोनो तरफ से चलती. इस में नुकसान किस का?"

"पण मौलवीसाहेब, वाचता कसं येईल?"

"वो अलग बात. पहले ये समझ ले के गलती आँख की नहीं. आँख को किस ने चलना सिखाया, वो देख."

मग ते घरी गेले आणि एक जुने सचित्र मासिक घेऊन आले. त्यात पानभर एक चित्र होते, कुठल्यातरी संस्थानातल्या बाजाराचे. त्यांनी ते मला क्षणभर दाखवले आणि झाकले. "पहले क्या देखा?" मी म्हणालो, हत्ती. तो डाव्या बाजूला होता. ते म्हणाले, "मुझे हर बार पहले ये टाँगा दिखता." टांगा उजव्या काठाला होता. मला तो दिसलाच नव्हता. मग त्यांनी हाक मारली, "भाभी, जरा इधर आना." माय हात झटकत आली, पदर सावरून उभी राहिली. चित्र पाहिले. झाकल्यावर म्हणाली,

"भाजीवाली बसली खाली कोपऱ्यात. तिची मेथी सुकली. पानी मारलं नाई वाटते."

"अन् हत्ती?" मी विचारले.

"हत्ती व्हता का त्यात?"

मौलवीसाहेब खो खो हसले. मायही हसली. दोन दिवसांनी हसली. पुन्हा उघडून पाहिले तर हत्तीवर कोणी राजा बसला होता, तो आम्हा तिघांपैकी कोणालाच आठवत नव्हता. मी त्या दिवसापर्यंत समजत होतो की चित्र समोर असते आणि ते डोळ्यांत शिरते, सगळ्यांच्या सारखेच. डोळा चालत जाऊन पाहतो आणि ज्या पायवाटेने त्याला लहानपणी नेले असेल त्याच वाटेने जातो, हे मला मौलवीसाहेबांनी शिकवले. पुढे मी मोठमोठ्या ग्रंथांतून बरेच शिकलो, पण इतक्या कमी वेळात इतके कधी नाही.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. मी आता ओरडत नव्हतो. पण जित्याची खोड. मी आठवण केली की ती एक-दोन ओळी माझ्यासारख्या वाचायची, जरा लक्ष मजकुरात गेले की बोट आपोआप उलटे फिरायचे. जून उजाडला. ट्रंक भरली गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिने पाटी धुऊन मला दिली.

"जमलं नाई, पोरा. राहू दे. दुकानदार आहेच."

हे ती इतक्या सहज म्हणाली की मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, "माय, तू तुह्यासारखंच वाच. मी तुह्यासारखं लेहीन."

"म्हंजे?"

मी पाटी घेतली. पहिली ओळ नेहमीसारखी लिहिली. मग जिथे ती संपली तिथेच खाली, उजवीकडून सुरुवात करून एकेक अक्षर डावीकडे मांडत दुसरी ओळ लिहिली. हात अडखळत होता, जणू डाव्या हाताने जेवतो आहे. तिने बोट ठेवले. गेली, वळली, आली. "मी... दि... वा... ळी... ला... घ... री... ये... ई... न." मग तिने ते सगळे एकदम म्हटले आणि माझ्याकडे पाहिले. सरळ तोंडाकडे. ती माझ्याकडेही फारशी तशी पाहत नसे.

वाशीमहून मोटारीने अकोला, तिथून आगगाडीने बडनेरा, मग अमरावती. कॉलेजात माझे स्वतःचेच डोळे मला अडचणीचे झाले. आमचे इंग्रजीचे प्राध्यापक इंग्रज होते. त्यांनी प्रश्न विचारला की मी उठून उभा राहायचो आणि त्यांच्या बुटांकडे पाहत उत्तर द्यायचो. आमच्याकडे वडीलधाऱ्यांशी बोलण्याची तीच रीत. त्यांना वाटे, मी काहीतरी लपवतो आहे, धडा वाचून आलो नाही. एकदा त्यांनी विचारले, माझ्या बुटांवर उत्तर लिहिले आहे का? वर्ग हसला. मी मान वर करायचा प्रयत्न केला, तर त्यांच्या निळ्या डोळ्यांकडे पाहताना मला येत असलेलेही आठवेना. मायची उन्हाळाभराची तळमळ काय होती ते मला त्या वर्गात उभ्या उभ्या कळले.

दर पंधरा दिवसांनी मी घरी कार्ड टाकायचो, तिच्या चालीने. अर्धे कार्ड लिहायला तास लागे. खोलीतला सोबती विचारायचा, हे काय मंत्रतंत्र आहे? कार्ड दुकानात पडे. दुकानदार पहिली ओळ वाची आणि दुसरीला अडखळे. तो मायला म्हणायचा,

"बाई, तुह्या पोराचं डोस्कं फिरलं कॉलेजात. अर्धं लेयते अन् अर्धं बरळते."

"फिरलं असंन, शेटजी. द्या इकडं."

आणि कार्ड पदरात बांधून ती मळ्यात यायची. वांग्याच्या वाफ्यात बसून वाचायची. हे मला बाने पुढे सांगितले. दुकानदाराला शेवटपर्यंत कळले नाही, कारण तो लहानपणापासून शिकलेला होता.

सहामाही परीक्षेत मी दोन विषयांत नापास झालो. इंग्रजीत आणि गणितात. मी वसतिगृहाच्या ओट्यावर बसून ठरवले की परत जायचे, मोट हाकायची. गुरुजींना काय तोंड दाखवायचे, बाच्या 'म्हन्ते'चे काय होणार, हेच विचार. आणि त्याहून मोठी भीती दुकानाची. कार्ड उघडे. दुकानदार वाचणार, गिऱ्हाइकांचे पाय वळणार, आणि मायला पुन्हा सगळ्यांच्या शेवटी कळणार.

मी कार्ड घेतले. पहिली ओळ सरळ लिहिली, "माझी प्रकृती चांगली आहे." दुसरी उलटी, "मी दोन विषयांत नापास झालो." तिसरी सरळ, "तिकडे पाऊस कसा काय?" चौथी उलटी, "कॉलेज सोडून घरी यावे वाटते."

दहा-बारा दिवसांनी मला एक कार्ड आले. पत्ता मौलवीसाहेबांनी इंग्रजीत घालून दिला होता, वळणदार आणि थरथरत्या अक्षरात. आत पेन्सिलीने मोठी मोठी अक्षरे होती, काही अजून मांडवावरच्या दोडक्यांसारखी लोंबती. तिने मला लिहिलेले पहिले पत्र. दोनच ओळी. पहिली सरळ, "पयली रोपं जयाली." वांग्याची पहिली रोपे जळाली होती. दुसरी ओळ उजवीकडून, "दुसरी लावली. तू बी लाव."

ती बोलते तसेच लिहिले होते. मी ते कार्ड चटणीच्या डब्याखाली ठेवले आणि गणिताचे पुस्तक उघडले. कॉलेज सोडायचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दिवाळीला घरी गेलो. वाटले होते, माय आनंदात असेल. ती होतीही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ती निंबाखाली एक चुरगळलेला कागद मांडीवर घेऊन बसली होती. दुकानातून गूळ बांधून आला होता तो वर्तमानपत्राचा तुकडा. हाताने सपाट करून ती त्यावर बोट फिरवत होती. एक ओळ लागली की दुसरी विस्कटत होती.

"तुह्यं तं येते वाचता," ती म्हणाली. "पन जगाचं नाई येत. मी तुह्यापुरतीच शिकली."

 मी तिच्यासाठी एक वाट तयार केली होती, पण ती वाट माझ्या कार्डापाशीच संपत होती. उद्या मामाचे पत्र आले तर ते पुन्हा दुकानातच वाचले जाणार होते. ज्या दुःखासाठी ती पाटी घेऊन बसली होती ते दुःख तसेच्या तसे शिल्लक होते. मला जी प्रेमाची युक्ती वाटली होती ती अर्धवट मदत होती.

बा मोटेवर होता. पावसाळ्यानंतर मोट नुकतीच सुरू झाली होती. बैल विहिरीपुढच्या धावेच्या उतारावरून खाली गेले, चामड्याची मोट वर आली, पाणी काठावरच्या थारोळ्यात सांडले. मग बाने तोंडाने आवाज केला आणि बैल मागल्या पायांनी, रिकामे, एकेक पाऊल मागे सरत विहिरीकडे आले. बा तिथूनच म्हणाला,

"मोटेचा बैल काय करते?"

आम्ही दोघे पाहू लागलो.

"पानी आनते अन् मांगं येते. रिकामाच येते. त्याले कोनी कामचुकार म्हन्ते का? मांगं आल्याबिगर दुसरी मोट येतच नाई. ओळीचं बी तसंच असन."

मायने हात कपाळाला लावला. "मंग आंधी काहून नाई बोलले? उन्हाळ्यापासून डोस्कं फोडून राह्यलो आमी."

"इचारलं कोनं?"

त्या दुपारी मी पाटीवर नाही, त्या गुळाच्या कागदावरच शिकवले. बोट ओळीच्या शेवटी गेले की ते उचलायचे, हवेतून मागे आणायचे, आणि आणताना बा बैलांना मागे घेताना करतो तसा आवाज तोंडाने काढायचा. माय हसत हसत करायची. तिसऱ्या दिवसापर्यंत आवाज बंद झाला, पण बोट मागे यायचे थांबले नाही. अक्षरे तीच होती, डोळे तेच होते. तिच्या अंगात मुरलेल्या दुसऱ्या कामाची चाल फक्त त्यांना मिळाली. मी शहाणा होऊन आलो होतो, आणि जे मला सुचले नाही ते अक्षरशत्रू माणसाला मोट हाकता हाकता सुचले. मी पुढे शिक्षक झालो. वर्गातले एखादे पोर अडले की मी अजून त्याला आधी विचारतो, घरी काय काम करतोस?

निघताना माय म्हणाली, "आता सरळ लेह्यत जाय. उलटं लेह्याले तुहा लय वखत जाते." मी सरळ लिहू लागलो. थोडे वाईट वाटले, खरे सांगायचे तर. दुसऱ्या कोणाला न कळणारी ती ओळ आमच्या दोघांतून गेली.

कॉलेजची वर्षे गेली. मी बी.ए. झालो. त्या वेळी मी अमरावतीतच एका शिकवणीच्या कामात अडकलो होतो, लगेच निघता येण्यासारखे नव्हते. मी कार्ड टाकले. पुढचे मला दुकानदारानेच सांगितले, तेही दुकानात, मोठ्याने, चार गिऱ्हाइकांसमोर.

माय टोपले घेऊन नेहमीच्या जागी उभी होती. दुकानदाराने कार्ड उचलले आणि सवयीने डोळ्यांजवळ नेले. मायने हात पुढे केला.

"द्या, शेटजी."

"वाचतो ना, बाई."

"मी वाचतो."

बायांनीही 'वाचतो' म्हणायची आमच्याकडे रीत आहे. तिने टोपले आधी खाली ठेवले. मग कार्ड दोन्ही हातांत धरले आणि मोठ्याने वाचू लागली, कारण तिलाही हळू वाचता येत नव्हते. पहिली ओळ झाली. बोट शेवटापर्यंत गेले, उचलले गेले, हवेतून रिकामे मागे आले आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला बसले. दुकानदार म्हणाला, "मले वाटलं, माशी वारून राह्यली." चार ओळी होत्या. बोट तीनदा मागे आले.

"अन् मंग?" मी विचारले.

"मंग काय. तिनं वाचलं तेव्हा आमाले समजलं का तू बीए झाला," दुकानदार म्हणाला. "तिले सगळ्याइच्या आंधी."